सेवा आणि सोबत : दीर्घ आजाराविषयीच्या मराठी लेखनातील ‘करमणे’
(आनंदवनविषयक साहित्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

साहित्यात आजार येतो तो बहुधा संकटाच्या रूपाने. तो पात्राला अंथरुणावर पाडतो आणि बरे होणे किंवा मृत्यू यांपैकी एका टोकाशी कथानक संपते. दीर्घ आजाराची गोष्ट निराळी आहे. कुष्ठरोगाने आलेली बधिरता, मधुमेह, मूत्रपिंडविकार, संधिवात, कंपवात हे विकार माणसाबरोबर वर्षानुवर्षे राहतात. त्यांत रोजचे दिवस असतात आणि प्रत्येक दिवसाला एक लांबलचक दुपार असते. ती दुपार रुग्ण कशी घालवतो, कोणाजवळ बसतो, कशाला हसतो, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेत येत नाही. त्यात नाट्य नसल्याने कथानकालाही त्याची गरज वाटत नाही. त्यामुळे तो दोन्हींकडून निसटतो.

प्रस्तुत लेखात या निसटलेल्या प्रश्नाच्या आधारे मराठीतील आजारविषयक लेखनाचा, विशेषतः विदर्भातील आनंदवनाभोवती निर्माण झालेल्या साहित्याचा विचार केला आहे. हे लेखन प्रामुख्याने ‘सेवे’चे साहित्य आहे, ‘सोबती’चे साहित्य त्यात अंशतःच आढळते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. सेवेत एक देणारा आणि एक घेणारा असतो. सोबतीत दोघेही एकाच बाकावर बसलेले असतात. नांदुरा तालुका ज्या पूर्णा खोऱ्यात वसला आहे तेथे आज दीर्घ आजार हा अनेक कुटुंबांचा नित्याचा अनुभव झाला असल्याने या भेदाला वाङ्मयाबाहेरही महत्त्व आहे.

‘करमणे’ या क्रियापदाचा अर्थ :

मराठीत मनोरंजनासाठी ‘करमणूक’ हा शब्द रूढ आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नावच ‘करमणूक’ होते. पुढे मराठी समीक्षेत रंजन आणि प्रबोधन अशी जोडी लावली गेली आणि त्या जोडीत करमणुकीला सतत खालची पायरी मिळाली. गंभीर साहित्य ते, जे करमणुकीच्या पलीकडे जाते, असा संकेत दृढ झाला.

परंतु बोलीतील ‘करमणे’ या क्रियापदाचा अर्थ या संकेताहून व्यापक आहे. ‘मला करमत नाही’ असे म्हणणाऱ्याला दरवेळी एखादी वस्तू किंवा खेळ हवा असतो असे नाही. सासरी आलेल्या मुलीला करमत नाही, मुले शहरात गेलेल्या म्हाताऱ्याला करमत नाही, शेजार बदलला की करमत नाही. या सर्व वापरांत उणीव असते ती माणसाची. वाक्यरचनाही लक्षणीय आहे. ‘मी करमतो’ असे मराठीत म्हणता येत नाही, ‘मला करमते’ असेच म्हणावे लागते. करमणे हे कर्त्याच्या इच्छेने घडणारे कर्म नाही, आसपासच्या माणसांमुळे त्याच्या ठायी घडणारी ती अवस्था आहे. पत्त्यांचा डाव, भजन, पारावरच्या गप्पा ही त्या अवस्थेची साधने होत. डाव कोण जिंकले हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही, डावाला कोण आले नव्हते हे मात्र राहते.

दीर्घ आजारात वेदनेइतकीच बोचणारी तक्रार हीच असते. आजाऱ्याला भेटायला सुरुवातीच्या दिवसांत गर्दी होते, कारण संकट ही समाजाला परिचित असलेली घटना आहे. आजार सहा महिने, सहा वर्षे चालला की भेटणारे कमी होतात. जे येतात ते प्रकृतीचीच चौकशी करतात. रुग्णाला पीकपाण्याविषयी, निवडणुकीविषयी, कोणाच्या लग्नात काय बिनसले याविषयी बोलायचे असते. ‘तब्येत कशी आहे?’ हा प्रश्न सेवेचा आहे. ‘काल कुठे होता?’ हा सोबतीचा.

पाश्चात्त्य विचारातील एक मर्यादा :

आजारविषयक लेखनाचा पाश्चात्त्य समीक्षेत पुष्कळ विचार झाला आहे. सुझन सोन्टाग यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात क्षय व कर्करोग यांच्याभोवती साचलेल्या रूपकांची चिकित्सा केली. आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये आजाराच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले : पूर्ववत बरे होण्याचे कथन, विस्कळीततेचे कथन आणि शोधाचे कथन. हे वर्गीकरण उपयुक्त असले तरी तिन्हींच्या केंद्रस्थानी आपली कहाणी सांगणारा एक रुग्ण असतो. थॉमस मान यांच्या १९२४ च्या ‘द मॅजिक माउंटन’ या कादंबरीत मात्र दाव्होस येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामातील सामूहिक दिनक्रम, म्हणजे एकत्र जेवणे, गच्चीवर पडून राहणे, अखंड वादविवाद आणि रोजचे तापमान मोजणे, हाच कथेचा गाभा झाला आहे. पण तेथील रुग्ण सुखवस्तू आहेत, त्यांच्या रिकाम्या वेळेचा खर्च कोणीतरी भरते आहे. जेथे रिकामा वेळ हीच चैन आहे अशा समाजात रुग्णांची सोबत कोणत्या रूपात प्रकटते, हे पाहण्यासाठी विदर्भाकडे वळणे उचित ठरेल.

सेवाग्राममधील पूर्वसूत्र :

संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री हे येरवड्याच्या तुरुंगातील राजकीय बंदी होते. तेथेच महात्मा गांधींशी त्यांचा संबंध आला. कुष्ठरोगाने ग्रासलेले शास्त्री १९३९ मध्ये सेवाग्रामला आले तेव्हा गांधींनी त्यांच्यासाठी आपल्या निवासाजवळ झोपडी उभारून दिली. गांधी स्वतः त्यांना मालिश करीत. त्या प्रसंगाचे छायाचित्र सर्वपरिचित आहे आणि ते नेहमी सेवेचा आदर्श म्हणून दाखविले जाते.

तथापि या प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. शास्त्री केवळ सेवा घेणारे नव्हते, ते संस्कृतचे अध्यापक होते. मालिश हे देहाचे काम होते, तर संस्कृतच्या चर्चेत गांधी हे शिष्याच्या जागी होते. एकाने तेल लावावे आणि दुसऱ्याने श्लोकाचा अर्थ सांगावा, अशी ही देवाणघेवाण होती. छायाचित्रात देणारा हात दिसतो, बोलणे दिसत नाही. सेवेचे चित्र काढता येते, सोबतीचे काढणे कठीण जाते. आनंदवनविषयक साहित्यातही हीच अडचण पुन्हा भेटते.

आनंदवन : श्रमाचे तत्त्वज्ञान आणि विश्रांतीची वेळ :

बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये वरोरा येथील खडकाळ जमिनीवर सहा कुष्ठरुग्णांसह आनंदवन उभे राहिले. पहिली विहीर या मंडळींनीच खणली. दानाने माणूस दुबळा होतो, श्रमाने तो उभा राहतो, हा आनंदवनाचा मूलविचार होय. भीक हेच ज्यांचे उपजीविकेचे साधन ठरवून टाकले गेले होते त्यांच्यासाठी हा विचार क्रांतिकारक होता, यात संशय नाही.

‘ज्वाला आणि फुले’ (१९६४) हा बाबांचा काव्यसंग्रह या विचाराचा उद्गार आहे. वि. स. खांडेकर यांच्या प्रस्तावनेमुळे मराठी वाचकाचे लक्ष त्याकडे विशेषत्वाने गेले. मुक्तछंदातील ही कविता आवाहनाची आहे. तरुण, श्रमिक आणि झडलेल्या बोटांचे हात ही तिची प्रमुख आलंबने आहेत. तिची ऊर्जा निर्विवाद आहे. मात्र तिचा स्वर सभेपुढे उभे राहून बोलणाऱ्याचा आहे. काम संपल्यावर अंगणात बसलेले दोघे या कवितेच्या परिघात सहसा येत नाहीत. झडलेला हात येथे निर्मितीचे प्रतीक होतो. तोच हात संध्याकाळी चहाचा पेला कसा धरतो, ही बाब या काव्यप्रकृतीला गौण वाटते.

आणि तरीही या संग्रहाच्या जन्माची हकीगत सोबतीची आहे. बाबा बोलत आणि रमेश गुप्ता ते शब्द कागदावर उतरवीत. म्हणजे जी कविता एकट्या द्रष्ट्याचा उद्गार म्हणून वाचली जाते, ती प्रत्यक्षात दोन माणसांच्या एकत्र बसण्यातून निर्माण झाली. समीक्षेने या वस्तुस्थितीची नोंद चरित्रात्मक तपशील म्हणून घेतली. काव्याच्या स्वरूपाशी तिचा संबंध फारसा जोडला नाही.

आणखी एका तथ्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बाबा स्वतः दीर्घ आजाराचे रुग्ण होते. मणक्याच्या विकारामुळे आयुष्याची अनेक दशके त्यांना बसता येत नसे. ते उभे राहत किंवा आडवे पडून असत. १९८५–८६ मधील कन्याकुमारी ते काश्मीर ही ‘भारत जोडो’ यात्रा त्यांनी वाहनात झोपून केली. त्यांच्याबरोबर तरुण सायकलस्वार होते. चरित्रलेखनात हे सर्व इच्छाशक्तीचा विजय म्हणून येते आणि तसे ते आहेही. परंतु खाटेवर पडलेल्या माणसाभोवती तरुणांनी बसणे, त्याचे ऐकणे, त्याला हसवणे हे त्या विजयाचे नित्याचे अंग होते. नायकाची प्रतिमा जितकी मोठी होते तितके हे अंग झाकले जाते. वसंत कानेटकर यांनी बाबांच्या जीवनावर बेतलेल्या नाटकाचे ‘वादळ माणसाळतंय’ हे शीर्षकही नायकाच्याच परिवर्तनाकडे निर्देश करते.

‘समिधा’ : गृहिणीच्या बाजूने दिसणारे आनंदवन :

साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’ हे आत्मकथन या दृष्टीने वेगळे ठरते. येथे आनंदवन चुलीच्या, गोठ्याच्या आणि पाहुण्यांच्या बाजूने दिसते. जे बाबांच्या कवितेत तत्त्व म्हणून येते ते येथे व्यवहार म्हणून येते. कोणाला काय आवडते, कोणाचे कोणाशी पटते, कोणाचे लग्न जुळवावे, हे प्रश्न कविता विचारत नाही. संसार सांभाळणाऱ्या बाईला ते टाळता येत नाहीत. मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांचा विचार पतीच्या कार्याची सावली या अंगाने बराच झाला आहे. ‘समिधा’चे मोल त्यापलीकडे आहे. सेवेच्या साहित्यात सोबतीची भाषा शिरण्यासाठी तिने दार उघडले.

आनंदवनातील वसाहतींची नावेही याच भेदाच्या प्रकाशात वाचता येतात. ‘संधीनिकेतन’ हे नाव कामाचे आहे, तर ‘सुखसदन’ आणि ‘स्नेहसावली’ ही नावे नात्यांची आहेत. कुष्ठमुक्तांचे विवाह व्हावेत, वृद्धांना घरपण मिळावे, हा विचार श्रमाच्या तत्त्वज्ञानातून आपोआप निघत नाही. माणसाला करमले पाहिजे या साध्या गरजेतून तो निघतो. या गरजेच्या आड कायदाही उभा होता, हे विसरता येत नाही. हिंदू विवाह कायद्यासह पाच वैयक्तिक कायद्यांत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे वा विभक्त राहण्याचे कारण मानले जात असे. ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने रद्द झाली. तोवर बहुऔषधोपचार पद्धतीची शिफारस होऊन सुमारे चार दशके लोटली होती. आजार औषधाने बरा होत होता, पण सोबत काढून घेण्याची मुभा कायद्यात शिल्लक होती.

कुष्ठरोगात सोबतीला शब्दशः शारीरिक अर्थही आहे. मज्जातंतूंची हानी झाल्याने हातापायांची संवेदना जाते. गरम भांडे धरले तरी चटका कळत नाही, काटा रुतला तरी दुखत नाही. जखम चिघळल्यावरच लक्षात येते. म्हणून रोज हातपाय तपासणे हा उपचाराचा भाग असतो, आणि जे स्वतःला जाणवत नाही ते शेजारी बसलेल्याच्या नजरेस पडते. गप्पा मारताना ‘तुझ्या तळपायाला काय झाले?’ असे सहज विचारणारा सोबती येथे गेलेल्या संवेदनेचे काम करतो. ओट्यावरच्या गप्पांना कोणी उपचार म्हणणार नाही, तथापि त्यांतून उपचार घडत असतो.

‘स्वरानंदवन’ : विरंगुळा की प्रयोग?

डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद महाराष्ट्रभर गाजला. कुष्ठमुक्त, दृष्टिहीन, मूकबधिर आणि अपंग कलावंत त्यात एकत्र येतात. त्याविषयीच्या लेखनात ‘अपंगत्वावर मात’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. या शब्दप्रयोगाची चिकित्सा आवश्यक वाटते. प्रेक्षक जेव्हा अपंगत्वावरील विजय पाहायला येतो तेव्हा गाणे दुय्यम ठरते आणि कलावंत पुन्हा एकदा उदाहरण बनतो. येथे विरंगुळ्याचेही श्रमात रूपांतर होते, कारण तो आता कोणासाठी तरी सिद्ध करून दाखवायचा असतो.

मात्र एवढ्यावर थांबणे एकांगी ठरेल. रंगमंचामागे या मंडळींचा एकत्र प्रवास आहे, तालमी आहेत, एकमेकांना आधार देत व्यासपीठावर नेणे आहे. ज्यांच्या हातचे दूध-भाजी वरोऱ्याच्या बाजारात एके काळी कोणी घेत नव्हते, त्यांच्यासमोर गावोगावचे लोक खुर्च्या मांडून बसतात, ही सामाजिक घटना लहान नव्हे. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात राहून, जेवून गेले तेव्हा गावकऱ्यांची भीती प्रथम ओसरली. एकत्र जेवण्याने जे साधले तेच पुढे एकत्र गाणे ऐकण्याने साधले. म्हणून ‘स्वरानंदवन’चे मूल्यमापन करताना टाळ्यांइतकेच तालमींकडे पाहणे इष्ट होय.

पूर्णाकाठचे वर्तमान :

आनंदवनाचा काळ आणि आजचा काळ यांत एक मूलभूत अंतर आहे. कुष्ठरुग्णांना गावाने बाहेर काढले, म्हणून त्यांची वेगळी वसाहत झाली आणि वसाहतीमुळे सोबत निर्माण झाली. आजचे दीर्घ आजार असलेले रुग्ण गावातच, घरातच राहतात. त्यांना कोणी बाहेर काढत नाही, आणि म्हणूनच त्यांचे एकटेपण कोणाला दिसत नाही.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा हे याचे ठळक उदाहरण होय. येथील भूजल खारे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील या पट्ट्यात, विशेषतः संग्रामपूर व जळगाव जामोद परिसरात, मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार अनेक वर्षे होत आली आहे. कारणमीमांसा हा वैद्यकाचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकाला येथे दिसते ते वेळेचे गणित. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. त्यात अकोल्यासारख्या शहरी जाण्या-येण्याचा वेळ मिळवला की आठवड्यातील दोन-तीन दिवस त्यातच संपतात. ठरलेल्या वारी, ठरलेल्या पाळीला तीच माणसे शेजारच्या खाटांवर असतात. नात्यागोत्यातल्यांपेक्षा त्यांचीच भेट अधिक वेळा होते. एखादी खाट रिकामी दिसली की तिचा अर्थ सर्वांना न सांगता कळतो.

या रुग्णाला पाणीही मोजून प्यावे लागते. वऱ्हाडात दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या पुढे केला जातो. उन्हाळ्यात तर हे आतिथ्य जवळजवळ धर्म मानले जाते. ज्याला पाणी नाकारावे लागते त्याच्यासाठी पाहुणचाराची सगळी व्यवस्थाच अवघड होते. मधुमेह्याची चहाच्या टपरीवर हीच गत होते. पण चौघांपैकी तिघे ‘बिनसाखरेचा’ म्हणू लागले की टपरीवाला वेगळे पातेले ठेवतो आणि पथ्य हे त्या घोळक्याचे वैशिष्ट्य बनते. भजनी मंडळात धाप लागणाऱ्या गायकाच्या हाती टाळ येतो, त्याची जागा जात नाही. आजाराला सामावून घेण्याचे हे मार्ग गावाने कोणत्याही समुपदेशकाच्या मदतीशिवाय शोधलेले आहेत. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांनी सभा, सहली, कलाविष्कार यांच्या रूपाने शहरात हेच कार्य जाणीवपूर्वक संघटित केले.

या अनुभवाला मराठी साहित्यात किती जागा आहे? मूत्रपिंडविकारावरील पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’ हे पुस्तक येथे आठवते. जीवघेण्या आजाराला ‘हसरी’ हे विशेषण लावण्याचे धाडस त्याच्या शीर्षकातच आहे. आजाराविषयी मराठीत खेळकरपणे बोलता येते, हे त्याने दाखविले. पण ते शहरी, सुशिक्षित लेखिकेचे आत्मकथन आहे. खारपाणपट्ट्यातील शेतमजुराच्या डायलिसिसच्या दिवसाचे, त्याच्या शेजारच्या खाटेवरील मित्राचे चित्रण करणारे लेखन अद्याप व्हावयाचे आहे. ग्रामीण साहित्याने दुष्काळ, कर्ज आणि आत्महत्या यांची नोंद घेतली, कारण त्या घटना आहेत. दीर्घ आजार ही घटना नसून स्थिती असल्याने ती त्याच्या नजरेतून सुटली.

निष्कर्ष :

१. दीर्घ आजाराविषयीचे मराठी लेखन प्रामुख्याने सेवेकरी किंवा झुंजार नायक यांना केंद्रस्थानी ठेवते. रुग्णांचे परस्परसंबंध त्यात पार्श्वभूमीला राहतात.

२. ‘करमणे’ या मराठी क्रियापदात करमणुकीचा मूळ अर्थ माणसांच्या सहवासाशी निगडित आहे. रंजन–प्रबोधन या द्वंद्वापेक्षा ही संकल्पना आजारविषयक लेखनाच्या समीक्षेस अधिक उपयुक्त ठरते.

३. आनंदवनविषयक साहित्यात श्रमाचे तत्त्वज्ञान उघडपणे व्यक्त होते, तर सोबत ही ‘ज्वाला आणि फुले’च्या लेखनप्रक्रियेत, ‘समिधा’च्या घरगुती निवेदनात आणि वसाहतींच्या नावांत अप्रत्यक्षपणे वावरते. या साहित्याचे पुनर्वाचन या अंगाने होणे गरजेचे आहे.

४. सोबत ही उपचाराची सजावट नाही. बधिर झालेल्या अवयवावरील जखम पाहणारी नजर हे तिचे सर्वांत मूर्त उदाहरण होय.

५. दीर्घ आजाराचे आजचे रुग्ण गावात राहूनही विखुरलेले आहेत. त्यांच्या दिवसाची नोंद घेणे हे वऱ्हाडातील नव्या लेखकांपुढील आणि महाविद्यालयीन अभ्यासकांपुढील कार्य आहे. त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. डायलिसिसच्या चार तासांत शेजारच्या दोन खाटांवर काय बोलले जाते, ते तब्येतीची चौकशी न करता ऐकून घेतले तरी त्याचा आरंभ होऊ शकेल.